बोटाएवढ्या जाडीचं रॉकेट: किट जुळवताना काय सांभाळायचं

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या भावाने परदेशातून येताना सातवीतल्या भाच्यासाठी छोट्या मॉडेल रॉकेटचं किट आणलं. बोटाएवढी कागदी नळी, बाल्साचे (हे अगदी हलकं लाकूड) तीन पंख, बाल्साचंच नाक, एक कागदी रिंग, स्ट्रॉसारखी छोटी नळी, इलॅस्टिकचा दोरा आणि प्लॅस्टिकची पट्टी एवढंच त्यात आहे. मोटर, म्हणजे रॉकेटला वर ढकलणारी दारूची तयार नळकांडी, नाही. सूचना इंग्रजीत आणि त्याही चार चित्रांच्या. त्या विचारतात, डिंक कुठला वापरायचा, पंख सरळ कसे बसवायचे, मोटर कुठून आणायची आणि गावात उडवायचं कुठे?

ताई, किट हातात घेतल्यावर वाटतं, एवढंसं तर आहे, एका संध्याकाळी होऊन जाईल. पण मोठ्या रॉकेटपेक्षा हे छोटंच अवघड. हातभर लांबीच्या रॉकेटमध्ये डिंकाचे चार थेंब जास्त पडले तरी ते सहन करतं. तुमच्या रॉकेटला एक थेंबही जड होतो. मी बेळगावच्या उद्यमबागेत पॅटर्नमेकर आहे, फाउंड्रीसाठी लाकडाचे साचे करतो, आणि गेली पंधरा-सोळा वर्षं गल्लीतल्या आणि शाळेतल्या पोरांबरोबर ही रॉकेटं जुळवतो. या कामात मी सगळ्यात जास्त चुका शेपटीच्या वजनाच्या बाबतीत केल्या, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

तुमच्या किटची नळी बाहेरून १४ मिलिमीटरच्या आसपास असेल, कारण आत १३ मिलिमीटर व्यासाची मोटर बसावी लागते. नळी, पंख, नाक, दोरा सगळं मिळून आठ-नऊ ग्रॅम भरतं. मोटर एकटी सात-आठ ग्रॅमची. म्हणजे उडायच्या वेळी जवळजवळ निम्मं वजन मोटरचं, आणि ते अगदी शेवटच्या टोकाला. रॉकेट सरळ जायला मात्र वजन पुढे हवं.

भाच्याला हे समजवायला दिवाळीचा बाण पुरे. त्याला लांब काडी कशासाठी? काडी काढून पेटवला तर तो अंगणात लोळत कुठेही घुसतो. काडी असली की मागच्या बाजूला वारा लागायला जागा मिळते, आणि बाण तिरका व्हायला लागला की तोच वारा शेपटीला ढकलून त्याला सरळ करतो. जुन्या मराठी कागदांत लढाईतल्या अग्निबाणालाही ‘बाण’च म्हटलेलं आहे. हैदर-टिपूच्या फौजेत लोखंडी नळीच्या अशा बाणांना वेळूची काठी बांधायचे, त्याचंही कारण हेच. आपल्या रॉकेटमध्ये काडीचं काम पंख करतात. ज्या बिंदूवर रॉकेट दोऱ्याला आडवं तोलतं तो गुरुत्वमध्य. वाऱ्याचा सगळा दाब जिथे एकवटतो असं धरायचं ते दाबकेंद्र. गुरुत्वमध्य नाकाच्या बाजूला आणि दाबकेंद्र शेपटीच्या बाजूला पाहिजे. दोघांत निदान नळीच्या एका व्यासाएवढं अंतर असावं. तुमच्या रॉकेटमध्ये ते म्हणजे फक्त १४ मिलिमीटर.

आता हिशेब बघा. मोटरसकट रॉकेट १६ ग्रॅमचं आहे. पंखांच्या मुळाशी हौसेने एक ग्रॅम डिंक जास्त भरला, आणि ती जागा गुरुत्वमध्याच्या १० सेंटिमीटर मागे आहे. १ गुणिले १०, भागिले १७. गुरुत्वमध्य जवळजवळ ६ मिलिमीटर मागे सरकला. हाताशी होते १४, त्यातले ६ एका ग्रॅममध्ये गेले. त्यावर स्प्रेने दोन जाड हात रंगाचे दिलेत की उरलेलंही गेलं. माझं पहिलं छोटं रॉकेट असंच गेलं होतं. सुरुवातीला सरळ धरणाऱ्या रॉडवरून सुटलं, दोन पुरुष वर गेलं आणि हवेतच गरगर फिरायला लागलं. मोटर जळून संपेपर्यंत ते तिथल्या तिथे गिरक्या घेत होतं. पंख मी अतिशय मजबूत केले होते, डिंकाची गोलाई इतकी सुबक की पाहणाऱ्याने वाखाणावी. त्या गोलाईनेच ते बुडवलं.

म्हणून ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. नसेल तर ओळखीच्या सराफाकडे जा, तो आनंदाने वजन करून देईल. किट उघडल्यावर प्रत्येक तुकड्याचं वजन वहीत लिहायचं, आणि प्रत्येक टप्प्यानंतर पुन्हा. भाच्याला हेच काम द्या. मुलं हे मन लावून करतात.

डिंकाबद्दल. साधा पांढरा फेव्हिकॉल पुरतो, दुसरं काही आणू नका. कागद आणि बाल्सा दोन्ही त्याला चांगले धरतात. फेव्हिक्विक जवळ ठेवा, पण मोडलेलं जोडायलाच. ते क्षणात धरतं आणि पंख तिरका बसला तर सुधारायला वेळ देत नाही. शिवाय पातळ फेव्हिक्विक बाल्सात शिरतं, बोटाला लागतं, डोळ्यांना झोंबतं. मुलाच्या हातात ते नकोच. फेव्हिकॉल बाटलीच्या तोंडातून थेट लावू नका. झाकणात थोडा काढा आणि उदबत्तीच्या विझलेल्या काडीने लावा. काडीच्या टोकावर जेवढा मावतो तेवढाच.

काम सुरू करण्याआधी एक खोटी मोटर करून घ्या. किट बनवणारे हे सांगत नाहीत, पण मी त्याशिवाय सुरुवातच करत नाही. वहीचा जाड कागद गुंडाळून १३ मिलिमीटर जाडीची, ४५ मिलिमीटर लांबीची नळकांडी करा आणि गणपतीच्या वेळची उरलेली शाडूची माती आत दाबून वाळवा. वजन आठ ग्रॅमच्या जवळ येईल. कमी भरलं तर मातीत एक छोटा स्क्रू खुपसा. रिंग बसवताना, पंख लावताना आणि शेवटी तोल बघताना हीच नळकांडी उपयोगी पडते.

पहिलं काम रिंगचं. ही रिंग नळीत आत चिकटवायची असते. मोटर पेटल्यावर पुढे सरकू नये म्हणून तिचा अडसर. आणि नेमकी इथेच निम्म्या लोकांची फजिती होते. कागदी नळीत फेव्हिकॉलचं पाणी लगेच शोषलं जातं. रिंग ढकलताना तुम्ही अर्ध्यावर एक सेकंद थांबलात की ती तिथेच धरते. पुढे जात नाही, मागे येत नाही. मग मोटर आत पूर्ण जात नाही, आणि नळी कापण्यावाचून इलाज उरत नाही. माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मुलाकडून एकदा तरी हे झालंय. रीत अशी. खोट्या मोटरवर मागच्या टोकापासून ६ मिलिमीटरवर पेनने रेघ मारा, कारण खरी मोटर तेवढी बाहेर राहायला हवी, नाहीतर जळाल्यावर ती ओढून काढता येत नाही. काडीने नळीच्या आत, रिंग जिथे बसणार त्याच्या किंचित अलीकडे, डिंकाचं पातळ वळं काढा. रिंगला डिंक लावू नका. रिंग तोंडाशी ठेवा, मागून खोटी मोटर टेकवा आणि रेघ नळीच्या कडेला येईपर्यंत एका दमात ढकला. मध्ये थांबायचं नाही, बोलायचं नाही. लगेच खोटी मोटर बाहेर काढा. ती आत विसरलात तर तीही चिकटते.

मग पंख. यावर एक अख्खी संध्याकाळ द्या.

बाल्साच्या पट्टीतून पंख आधीच कापून आले असतील तर सुटे करताना ओढू नका. धारदार ब्लेडने जोडाच्या जागा हलक्या हाताने दोन-तीनदा कापा. लाकडाची नस बघा. ती पंखाच्या पुढच्या कडेला समांतर जायला हवी. आडवी गेली तर खाली पडताना पंख तिथेच मोडतो. तिन्ही पंख एकावर एक धरून ३२० नंबरच्या पॉलिश पेपरवर कडा एकसारख्या करा. मग प्रत्येकाची पुढची कड गोल आणि मागची कड निमुळती करा. मुळाची, म्हणजे नळीला चिकटणारी कड मात्र अगदी सपाट आणि काटकोनात ठेवा. पॅटर्नच्या कामात आम्ही साच्याच्या बाजूंना जाणूनबुजून उतार देतो. इथे मुळाच्या कडेला उताराचा लवलेश नको, नाहीतर पंख एका बाजूला झुकूनच बसतो.

नळीवर खुणा करायला कागदाची अरुंद पट्टी नळीभोवती गुंडाळा, जिथे टोक जुळतं तिथे खूण करा, पट्टी सोडून त्या अंतराचे तीन सारखे भाग करा. १३.८ मिलिमीटरच्या नळीचा घेर साधारण ४३ मिलिमीटर भरतो, म्हणजे एक भाग साडेचौदाच्या जरा आत. पट्टी पुन्हा गुंडाळून खुणा नळीवर उतरवा. आता खुणेपासून वर सरळ रेघ हवी. गोल नळीवर फूटपट्टी नीट टेकत नाही. फॅब्रिकेशनच्या दुकानात अॅल्युमिनियमच्या अँगलचा वीतभर तुकडा रद्दीत पडलेला असतो, तो मागून आणा. नळी त्याच्या खोबणीत ठेवली की अँगलची कड नळीला आपोआप समांतर येते. पेन्सिल फिरवा, रेघ सरळ. खिडकीच्या चौकटीचा कोपराही चालतो, पण अँगलसारखं काही नाही.

चिकटवताना दोन वेळा डिंक लावायची पद्धत धरा. पंखाच्या मुळाला काडीने पातळ डिंक लावा, रेघेवर दाबा, लगेच उचला. दोन्हीकडे पुसटसा थर राहील. तो पाच-सात मिनिटं सुकू द्या. चकाकी जाऊन मंद दिसायला लागला की पंखाच्या मुळाला पुन्हा अगदी थोडा डिंक लावून रेघेवर टेकवा आणि मनात तीस आकडे मोजेपर्यंत धरा. आता तो हललाच तर मुद्दाम हलवावा लागेल. एकाच वेळी जाड डिंक लावला तर पंख घसरत राहतो आणि आपण हात सोडला की झुकतो.

पहिला पंख लागला की नळी उभी करून शेपटीकडून डोळा लावून बघा. पंख नळीच्या मध्यातून निघालेला दिसला पाहिजे, आणि रेघेच्या डावी-उजवीकडे वळलेला नको. एखादा पंख एक-दोन अंश वळला तर रॉकेट स्वतःभोवती फिरत जाईल. ते चालतं, उंची थोडी कमी मिळते एवढंच. पण तिन्ही तीन दिशांना वळले तर कुठे जाईल सांगता येत नाही. पंख सुकेपर्यंत खोटी मोटर आत ठेवा, म्हणजे बोटांच्या दाबाने नळी चपटी होत नाही. एका पंखाला पंधरा मिनिटं, मगच दुसरा.

रात्रभर सुकल्यावर मुळाशी डिंकाची बारीक गोलाई द्यायची. काडीने थेंब ठेवा, ओल्या बोटाने एकदाच ओढा आणि जास्तीचा पुसून टाका. गोलाई दिसली न दिसली एवढीच. ही गोलाई देताना रॉकेट आडवं ठेवा, म्हणजे डिंक ओघळून एका टोकाला गोळा होत नाही. दिल्यावर वजन करा. ०.३ ग्रॅमपेक्षा जास्त वाढलं असेल तर पुढच्या वेळी हात आवरा.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, पावसाळा. खानापूरकडे जून ते सप्टेंबर झड लागली की घरातलं कपाटसुद्धा दमट लागतं. बाल्सा पाणी पितं आणि पंख पापडासारखे वाकतात. कागदी नळी फुगते, नाक आत शिरत नाही किंवा शिरलं की निघत नाही. म्हणून जुळवणी सुगीनंतर करा. पावसाळ्यातच करायची हौस असेल तर पंखांना लावण्याआधी सँडिंग सीलरचा एक पातळ हात द्या. फर्निचरला पॉलिश करणाऱ्यांकडे तो असतो. दोन्ही बाजूंना एकाच वेळी द्यायचा, नाहीतर ज्या बाजूला दिला तिकडे पंख वळतो. वाळल्यावर ४०० नंबरच्या पेपरने घासा, जवळजवळ सगळा निघून जाईपर्यंत. लाकडाच्या छिद्रात राहतो तेवढाच कामाचा.

स्ट्रॉसारखी जी छोटी नळी आहे ती उडवायच्या रॉडवर सरकते. ती दोन पंखांच्या मध्ये, नळीला अगदी समांतर लावायची. आत डिंक गेला नाही ना, ते रॉड घालून बघा.

नाकाचं काम सोपं वाटतं, पण खाली येताना रॉकेटचा वेग कमी करणारी प्लॅस्टिकची पट्टी उघडणं न उघडणं त्यावर आहे. मोटर जळून संपल्यावर काही सेकंदांनी तिच्या आतला दारूचा छोटा बार उडतो आणि नाकाला पुढे ढकलतो. नाक घट्ट असेल तर तो बार मोटरलाच मागे फेकतो, आणि रॉकेट भाल्यासारखं खाली येतं. नाक नळीत बसवून रॉकेट नाकाला धरून उचला. ते लटकून राहायला हवं, पण हलका झटका दिल्यावर सुटायला हवं. सैल असेल तर नाकाच्या खुंटीवर सेलोटेपचा एक वेढा, घट्ट असेल तर पॉलिश पेपर. मोटर मात्र उलट, ती घट्ट हवी. तुमच्या किटमध्ये मोटर धरणारी पत्र्याची पट्टी दिसत नाही, म्हणून मोटरला मास्किंग टेपचा वेढा देऊन ती जोर लावूनच आत जाईल असं करायचं.

पट्टी लांबीला रुंदीच्या दहापट असली की छान फडफडते. अडीच सेंटिमीटर रुंद तर पंचवीस लांब. तिला आणि दोऱ्याला थोडी टाल्कम पावडर लावून गुंडाळा, म्हणजे चिकटत नाही. पट्टीचा रंग राणी किंवा झळझळीत निळा घ्या. किटमध्ये बहुधा केशरी देतात. इकडच्या तांबड्या मातीत केशरी पट्टी दहा पावलांवरून दिसत नाही.

आता तोल. खोटी मोटर आत, पट्टी आत, नाक वर, सगळं उडायच्या स्थितीत ठेवा. दोऱ्याच्या फासात रॉकेट आडवं तोलून गुरुत्वमध्य शोधा, तिथे सेलोटेपने फास पक्का करा. दोरा दोन-अडीच मीटर ठेवून मोकळ्या जागी डोक्यावरून गोल फिरवा. नाक पुढे ठेवून रॉकेट फिरत राहिलं तर ते वरही सरळ जाईल. शेपूट पुढे आली किंवा ते आडवं फिरलं तर नाकात वजन वाढवा. नाकाच्या खुंटीला खालून भोक पाडून अर्धा ग्रॅम शाडू आणि डिंक भरा आणि पुन्हा फिरवून बघा. ही परीक्षा कडक आहे. काही चांगली रॉकेटंही यात नापास होतात, पण पास झालेलं फसत नाही. कागदावर हिशेब करायचा असेल तर त्याचं गणितही आहे. जेम्स बॅरोमन नावाच्या नासातल्या अभियंत्याने १९६६ साली दाबकेंद्र काढायची सूत्रं छंदवाल्यांसमोर मांडली आणि आजही सगळे तीच वापरतात. भाचा दहावीत गेला की त्याला नक्की दाखवा.

आता मोटर, आणि इथे मी फार गंभीरपणे बोलतोय. भावाने मोटर आणली नाही हे योग्यच झालं. तिच्यात काळी दारू असते, आणि विमानातल्या सामानात ती चालत नाही. रेल्वेत आणि बसमध्येही स्फोटक पदार्थ पिशवीतून नेणं गुन्हा आहे. आपल्या देशात हा माल १८८४ चा स्फोटके कायदा आणि २००८ च्या स्फोटके नियमांखाली येतो, आणि परवाने देणाऱ्या संघटनेचं मुख्य कार्यालय नागपूरला आहे. म्हणून परवाना असलेल्या विक्रेत्याकडूनच, बिलासह, आणि त्याच्याच वाहतुकीने आलेली मोटर घ्या. शाळेमार्फत मागवली तर आणखी चांगलं.

नाही मिळाली तर थांबा. घरी मोटर करायची नाही. फटाक्याची दारू काढून नळीत भरायची नाही, साखर आणि सोऱ्याचे प्रयोग करायचे नाहीत, मोबाईलवर कोणी कितीही सोपं करून दाखवलं तरी नाही. एका गावात असं करताना तळहात भाजलेल्या मुलाला मी दवाखान्यात नेलंय. दोन महिने त्याला पेन धरता आलं नाही. हा छंद मुळात याच कारणाने जन्मला. १९५० च्या दशकात अमेरिकेत पोरं लोखंडी पाइपात दारू ठासून जखमी होत होती. तेव्हा नेब्रास्कातला बूट-चपलांचा दुकानदार ऑरव्हिल कार्लाइल याने कागदी नळीची, तयार मोटर बदलायची हलकी रॉकेटं केली आणि ती जी. हॅरी स्टाइन या रॉकेटवर काम करणाऱ्या माणसाला पाठवली. १९५७ पासून स्टाइनने ती पद्धत वाढवली. मोटर कारखान्यातली, बाकी सगळं कागद, लाकूड आणि प्लॅस्टिकचं, हा नियम तेव्हापासूनचा.

मोटरवरचं अक्षर वाचायला शिकवा. ‘ए१०-३टी’ असं लिहिलेलं असेल तर ‘ए’ म्हणजे एकूण जोर १.२६ ते २.५० न्यूटन-सेकंद. पुढच्या प्रत्येक अक्षराला मर्यादा दुप्पट होते. १० हा सरासरी जोर न्यूटनमध्ये, ३ म्हणजे जळून संपल्यावर बार उडेपर्यंतचे सेकंद, आणि ‘टी’ ही १३ मिलिमीटरची खूण. पहिल्या उड्डाणाला ‘अर्धा ए’ घ्या. पूर्ण ‘ए’ मोटरवर एवढंसं रॉकेट इतकं वर जातं की डोळ्यांना दिसत नाही. एवढी मेहनत करून पहिल्याच दिवशी हरवलं तर मुलाचं मन मोडतं.

मोटर येईपर्यंत मुलाचे हात रिकामे ठेवू नका. दोन लिटरच्या रिकाम्या बाटलीला प्लॅस्टिकचा पाइप टेपने हवाबंद जोडा, पाइपाचं दुसरं टोक वर करा. त्याच जाडीवर ए-फोर कागद गुंडाळून, टोक बंद करून, कागदाचे पंख लावून रॉकेट करा आणि बाटलीवर पाय आपटा. तीन, चार, सहा पंख, मोठे पंख, छोटे पंख, नाकात माती घालून आणि न घालता, सगळं एका दुपारी बघून होतं. उडवताना पाइपावर कोणी वाकायचं नाही. किटचं रॉकेट यावर लावू नका, त्याचं नाक सुटं असल्याने तेच उडून जाईल.

उडवायची जागा. अमेरिकेतल्या नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीची सुरक्षा नियमावली मी पाळतो. ‘अर्ध्या ए’ला निदान १५ मीटर आणि ‘ए’ला ३० मीटर रुंदीचं मैदान ती सांगते. मी त्याच्या तिप्पट धरतो, कारण आपल्याकडे मैदानाच्या कडेला कौलारू घरं आणि विजेच्या तारा असतात. बेळगाव शहराच्या पूर्वेला सांबऱ्याकडे तर विचारही करू नका, तिथे विमानतळ आणि हवाई दलाचं केंद्र आहे. शहरात कॅम्प भागात लष्कर आहे. खानापूरकडे जागा मिळेल, पण आधी शेतमालकाला विचारा आणि जवळच्या पोलिस ठाण्यात लेखी कळवा. अर्ज कन्नडमध्ये लिहून नेलात तर काम लवकर होतं. शाळेचं पत्र जोडा.

आणि गवतगंज्या. सुगी संपली की डिसेंबरपासून शिवारात जागोजागी गंज्या उभ्या असतात, भाताचं धसकट वाळलेलं असतं. एका शेतकऱ्याचं वर्षभराचं वैरण एका ठिणगीने जातं. माझ्या हातून एकदा हे थोडक्यात टळलं. बारापासून पट्टी जळू नये म्हणून नळीत न पेटणारा कागद भरायचा असतो. तो संपला म्हणून मी साधा टिश्यू पेपर वापरला. बार उडाला आणि पेटता बोळा वाऱ्याबरोबर खाली आला, गंजीपासून वीस पावलांवर. पळत जाऊन पायाने विझवला. त्या दिवसापासून न पेटणारा खास कागद नसेल तर मी उडवतच नाही, आणि रॉकेट नांगरलेल्या वावरातच उडवतो. रॉडखाली पत्रा, शेजारी पाण्याची बादली आणि ओलं पोतं. धसकटात मसूर पेरलेली असेल तर तिथे पायच ठेवायचा नाही.

सकाळी आठ-नऊच्या सुमारास धुकं उठल्यावर हवा शांत असते. दुपारी वारा सुटला की छोटं रॉकेट वाऱ्याकडे तोंड वळवून तिरकं जातं. मग कोणी कितीही आग्रह केला तरी ‘उद्या’ म्हणायचं. ३ मिलिमीटर जाडीचा, मीटरभर लांबीचा सरळ स्टीलचा रॉड उभा करा. त्याच्या टोकावर उडवायच्या क्षणापर्यंत बूच ठेवा, वाकणाऱ्याच्या डोळ्यात जातो. पेटवणं विजेच्या वातीनेच, बॅटरी आणि बटण घेऊन, निदान ५ मीटर लांबून. काडीपेटी नाही. बटणाला एक किल्ली असते, ती लावल्याशिवाय वीज जात नाही. ती किल्ली काढल्याशिवाय रॉकेटजवळ जायचं नाही, ती किल्ली मोठ्या माणसाच्या खिशात. बटण दाबून पेटलं नाही तर किल्ली काढून पूर्ण एक मिनिट थांबायचं, मगच जवळ. पाचपासून उलटे आकडे सगळ्यांनी मोठ्याने म्हणायचे, म्हणजे कोणाचंही लक्ष दुसरीकडे राहत नाही.

भाच्याला ५० मीटरवर उभा करा. कोनमापकाला दोरा आणि खडा बांधून द्या. रॉकेट सगळ्यात वर असताना कोन ४५ अंश आला तर उंची ५० मीटर, ६० आला तर साधारण ८७, आणि वर त्याच्या डोळ्यांची उंची. हे आकडे वजनाच्याच वहीत लिहायचे.

रंग मी म्हणाल तर देऊच नका. बारीक टोकाच्या मार्करने नळीवर नाव आणि मोबाईल नंबर लिहा, मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही. माझं एक रॉकेट वाऱ्याने ओढ्यापलीकडे गेलं होतं. पाच दिवसांनी फोन आला. बोलणारे आजोबा कन्नडच बोलत होते, त्यांना ते उसाच्या सरीत सापडलं होतं. घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी ते धान्याच्या डब्यावर उभं करून ठेवलं होतं, एकही पंख न मोडलेलं, आणि नातू दारात बसून हे वर कसं जातं ते विचारायची वाट बघत होता.